नित्याच्या बोलण्यातील विनोद : स्वरूप आणि निकष

१

मराठी विनोदी वाङ्मयाच्या चर्चेत एक वर्गीकरण इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. विनोद तीन प्रकारचा : शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ. ही नुसती विभागणी नाही. तीत पायऱ्याही गृहीत आहेत. शब्दनिष्ठ विनोद सर्वांत खालचा, कारण तो कोटीवर उभा. प्रसंगनिष्ठ त्याहून बरा. आणि स्वभावनिष्ठ तो श्रेष्ठ, कारण त्यात मनुष्यस्वभावाचे दर्शन घडते. या हिशेबाप्रमाणे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर व राम गणेश गडकरी यांचा पुष्कळसा विनोद पहिल्या पायरीवर राहतो, चिंतामण विनायक जोशी यांचा विनोद दुसऱ्या व तिसऱ्या पायरीवर जातो, आणि जोशी यांच्या भाषेविषयी 'साधी, सोपी, घरगुती' अशी तीन विशेषणे खर्ची घालून समीक्षक पुढे सरकतो.

प्रस्तुत लेखाचा रोख या तीन विशेषणांवर आहे. ज्या विनोदाचा विषय नित्याचे जीवन हा असतो, ज्यात कोणाच्या घरास आग लागत नाही, कोणी वेषांतर करीत नाही, फार काय, सांगण्यासारखे काही घडतच नाही, त्या विनोदाचे अधिष्ठान प्रसंगात शोधणे व्यर्थ आहे. ते भाषेत आहे. मात्र ही भाषा लेखकाने घडविलेली नाही; ती व्यवहाराने घडविलेली आहे. म्हणून या विनोदास कोटीच्या अर्थाने शब्दनिष्ठ म्हणता येत नाही, आणि प्रसंगनिष्ठ म्हटल्यास त्यातील मुख्य गोष्ट निसटते. त्याचा वेगळा विचार झाला पाहिजे आणि त्यासाठी वेगळा निकष हाती असला पाहिजे. हा निकष नसल्यामुळे दोन हानी होतात. एक, या प्रकारातील उत्तम लेखन केवळ निरागस व कलाहीन वाटू लागते. दुसरी हानी अधिक गंभीर आहे : आपल्याच बोलण्यास हसविणारा विनोद आणि दुसऱ्याच्या बोलण्यास हसणारा विनोद यांतील भेद आपणांस करता येत नाही.

मराठीत विनोदाची तात्त्विक चर्चा बरीच जुनी आहे. न. चिं. केळकर यांचे 'सुभाषित आणि विनोद' १९०८ साली आणि 'हास्यविनोदमीमांसा' १९३७ साली प्रसिद्ध झाले. यांपैकी पहिल्या शीर्षकातच विनोदाची जोडी सुभाषिताशी, म्हणजे मुद्दाम घडविलेल्या वचनाशी, घातलेली आहे. ही जोडी पुढे फार काळ टिकली. विनोद म्हणजे कोणीतरी केलेला विनोद, असेच आपण धरून चाललो. परंतु मराठीत विनोद जसा 'करतात', तसा तो 'घडतो' आणि 'सापडतो'ही. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या क्रियापदाविषयी आहे.

२

प्रथम सामग्री पाहू. मराठी घरात एक पाहुणा येतो आणि येताक्षणी म्हणतो, "सहज आलो होतो." जो खरोखरीच सहज आलेला असतो, त्यास हे सांगावे लागत नाही. त्यामुळे 'सहज' हा शब्द कानी पडताच यजमान सावध होतो. पण काम काय आहे हे तो विचारीत नाही, कारण तसे विचारणे म्हणजे 'सहज' या शब्दावर अविश्वास दाखविणे होय. मग पाऊस, मुलांच्या परीक्षा, कोणाची तरी प्रकृती असे विषय निघतात. तासाभराने पाहुणा उठतो आणि म्हणतो, "बरं, येतो." 'जातो' हा शब्द अशुभ असल्यामुळे तो उच्चारावयाचा नाही. यजमानही "या" असे उत्तर देतो. क्रियापदे दोन्ही येण्याची. होणार आहे ते जाणे. आणि प्रत्यक्षात तेही लगेच होत नाही. दोघे उंबरठ्यापाशी थांबतात, आणि एक पाय चपलेत घातलेल्या स्थितीत पाहुण्यास आठवण होते : "हो, एक सांगायचं राहिलंच." ज्यासाठी तो आला होता, ते हेच. मराठी माणूस 'सहज' येतो, 'येतो' म्हणून जातो, आणि कामाचे बोलणे या दोन्ही शब्दांच्या पलीकडे, जिन्यात उरकतो.

येथे घडले काय? काहीच नाही. कोणाची फजिती झाली नाही, कोणाचा गैरसमज झाला नाही, कोणी कोणास फसविलेही नाही. कारण 'सहज' या शब्दाचा अर्थ दोघांसही पक्का ठाऊक होता. तरीही हे वाचताना हसू येते. त्या हसण्याचे कारण कोणत्याही एका घटनेत दाखविता येत नाही.

दुसरे उदाहरण चहाचे. "चहा घेणार ना?" या प्रश्नाचे पहिले उत्तर "नको, आत्ताच झाला" हे असते. या उत्तराचा चहा झाला की नाही याच्याशी काही संबंध नसतो. दुसऱ्या आग्रहास "कशाला उगीच" आणि तिसऱ्यास "बरं, अर्धा कप" अशी उत्तरे येतात. हा 'अर्धा कप' द्रवाचे माप नव्हे, संकोचाचे माप आहे. येणारा कप भरलेला असतो आणि तो तसा असल्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. पहिलाच नकार खरा मानणाऱ्या यजमानांच्या दंतकथा मराठीत एका विशिष्ट शहराच्या खात्यावर जमा आहेत. त्या दंतकथांचा आधार एवढाच की, तेथे एका ठराविक वाक्याचा अर्थ शब्दशः घेतला जातो असे सांगतात.

तिसरे उदाहरण सर्वनामाचे. मराठीत 'आम्ही' ऐकणाऱ्यास वगळते आणि 'आपण' त्यास सामावून घेते. हेच 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुषासाठी येते, आणि "आपण नाही बुवा कोणाला भीत" अशा वाक्यात बोलणाऱ्याने स्वतःसाठीही वापरलेले असते. कचेरीतील वरिष्ठ जेव्हा म्हणतो, "हे काम आपण उद्यापर्यंत संपवून टाकू," तेव्हा व्याकरणदृष्ट्या या 'आपण'मध्ये वक्ता व श्रोता दोघेही आहेत. व्यवहारात वक्ता त्यातून अलगद निघून गेलेला असतो. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून अधिकार व जवळीक या दोन तत्त्वांवर त्यांची उपपत्ती लावली. मराठी 'आपण'ची गंमत अशी की, येथे अधिकार जवळिकीचे रूप घेऊन येतो, आणि कारकुनास ते रूप ओळखूनही त्याचा मान राखावा लागतो.

चौथे उदाहरण 'म्हणे' या शब्दाचे. 'तुका म्हणे' या नाममुद्रेत जे क्रियारूप आहे, तेच घरगुती बोलण्यात कर्ता गमावून अव्ययासारखे झाले आहे. "त्यांना म्हणे वेळ नव्हता." येथे म्हणणारा कोण, हे सांगितलेले नाही, लिंगवचनाचा येथे काही परिणाम नाही, आणि विधान खोटे आहे असेही कोठे म्हटलेले नाही. तरीही त्या दोन अक्षरांनी 'त्यांच्या' वेळ नसण्याची पुरेशी वासलात लागते. साक्ष दुसऱ्याची, शंका आपली, जबाबदारी कोणाचीच नाही, असा हा शब्द आहे.

पाचवे उदाहरण 'वाढणे' या क्रियापदाचे. बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. नारळ फोडीत नाहीत, तो 'वाढवतात'. अशुभाचा उच्चार टाळण्याची ही रीत आहे. पण बांगड्या वाढल्या म्हणून नव्या घेण्यासाठी पैसे मागितले जातात, तेव्हा भाषेत वाढ आणि डब्यात घट असा एक लहानसा विरोध उभा राहतो. तो रोज उभा राहतो, आणि रोज कोणाच्या लक्षात येत नाही.

३

या सर्व उदाहरणांत ठराविक वाक्ये अथवा शब्दप्रयोग आहेत. त्यांना आपण 'व्यवहारसूत्र' म्हणू. मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ साली अशा भाषणाकडे लक्ष वेधले, ज्यात शब्द विचार पोचविण्यासाठी नव्हे, तर माणसामाणसांतील धागा जुळता ठेवण्यासाठी योजलेले असतात. आपली काही सूत्रे या वर्णनात बसतात. परंतु बहुतेक त्याहून अधिक काही करतात. 'सहज' हे सूत्र मागणीवर पांघरूण घालते, 'अर्धा कप' स्वीकारावर, 'आपण' आज्ञेवर, 'म्हणे' निषेधावर. संबंध जुळता ठेवून काम साधणे, हे या सूत्रांचे कार्य आहे.

त्यांची अर्थप्रक्रिया समजून घेण्यास आपल्याकडील काव्यशास्त्राची परिभाषा विशेष उपयोगी पडते. मुख्यार्थाचा बाध झाला असता, रूढीमुळे अथवा प्रयोजनामुळे, त्याच्याशी संबद्ध असा दुसरा अर्थ घेतला जातो, तेव्हा लक्षणा मानतात. रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून मम्मटाने 'कुशल' हा शब्द दिला आहे. मुळात दर्भ तोडणारा, असा ज्याचा व्युत्पत्त्यर्थ सांगतात, तो शब्द कोणत्याही कामात प्रवीण असलेल्या मनुष्यास लागू झाला. आणि तो ऐकताना आता दर्भ कोणाच्या मनात येत नाही. म्हणजेच रूढिलक्षणेत मुख्यार्थाचा बाध झालेला असतो, पण रूढी तो जाणवू देत नाही.

व्यवहारसूत्रे ही वाक्याच्या पातळीवरील रूढिलक्षणा होय, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. 'येतो' म्हणणाऱ्यास आपण निघाल्याचे कळते. येण्याचा अर्थ त्यास बाधक होत नाही. रोजच्या जीवनातील विनोद ज्या क्षणी जन्मतो, त्या क्षणी रूढीची ही पकड थोडी सैल होते आणि झोपी गेलेला मुख्यार्थ डोके वर काढतो. हे तीन रीतींनी होते. लहान मूल किंवा परका मनुष्य सूत्राचा शब्दार्थ घेतो. किंवा परिस्थितीच अशी बनते की, शब्दार्थ व व्यवहारार्थ यांतील अंतर झाकता येत नाही. किंवा, आणि ही रीत सर्वांत सूक्ष्म, लेखक सूत्रास हात न लावता ते फक्त पूर्णपणे उच्चारू देतो आणि वाचकास ते प्रथमच ऐकू येते.

येथे निकषाचा प्रश्न येतो, आणि त्यासही काव्यशास्त्राचे साहाय्य घेता येते. शब्दालंकार आणि अर्थालंकार यांतील भेद ठरविण्यासाठी शब्दपरिवृत्तीची कसोटी लावतात : शब्दाच्या जागी त्याचा पर्याय घातला असता अलंकार नाहीसा होत असेल तर तो शब्दाचा, टिकत असेल तर अर्थाचा. ही कसोटी विनोदास लावून पाहावी. कोटी परिवृत्ती सहन करीत नाही. श्लिष्ट शब्द बदलला की कोटी संपते. उलट, शुद्ध प्रसंगनिष्ठ विनोद कोणत्याही शब्दांत सांगितला तरी चालतो. केळ्याच्या सालीवरून पाय घसरला, ही हकीकत कोणत्याही भाषेत हास्यकारक होते. आता एक कारकून रजा मागतो आणि साहेब म्हणतो, "पाहू आपण." याऐवजी "विचार करू या" असे घातले तरी विनोद टिकतो. म्हणजे हा शब्दालंकार नव्हे. पण "रजा मिळणार नाही" असे घातले, तर प्रसंग तोच, पात्रे तीच, परिणाम तोच, आणि विनोद मात्र गेलेला. म्हणजे हा विनोद प्रसंगाचाही नव्हे. तो शब्दपरिवृत्ती सहन करतो, सूत्रपरिवृत्ती सहन करीत नाही. एका सूत्राऐवजी त्याच कार्याचे दुसरे सूत्र चालते, सूत्राऐवजी सरळ विधान चालत नाही. अशा विनोदास 'सूत्रनिष्ठ' म्हणावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

४

या दृष्टीने पाहिले असता मराठी विनोदाच्या इतिहासातील एक स्थित्यंतर अधिक स्पष्ट होते. कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त 'साक्षीदार' हा लेख लिहून मराठी विनोदी निबंधास जे वळण दिले, ते बुद्धीच्या चमकेचे होते. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या यांच्या उपद्व्यापांतून त्यांनी रूढींवर कोरडे ओढले. गडकरी (१८८५–१९१९) यांनी 'बाळकराम' या नावाने तेच वळण कल्पनेच्या उधळणीपर्यंत नेले. 'संपूर्ण बाळकराम' त्यांच्या निधनानंतर, १९२५ साली, ग्रंथरूपाने निघाले. या दोघांच्याही लेखनात संसार आहे, लग्ने आहेत, घरे आहेत. परंतु नित्याची भाषा तेथे कच्चा माल म्हणून येते. लेखक ती घेतो, वाकवितो, तिच्या दोन अर्थांची टक्कर घडवून आणतो. वाचक हसतो तो लेखकाच्या कौशल्यास दाद देत. हे गौण मानण्याचे कारण नाही. तो वेगळा व्यापार आहे, इतकेच.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे व्यवसायाने पाली भाषेचे पंडित होते. बडोद्यास त्यांनी पालीचे अध्यापन केले, आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी 'पटिसंभिदामग्गा'वरील अट्ठकथेचे संपादन केले. 'एरंडाचे गुऱ्हाळ' (१९३२) आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' (१९३३) ही या पंडिताची पुस्तके आहेत, आणि त्यांत पांडित्याचा मागमूस नाही. संपादकास हस्तलिखितातील पाठाशी जी निष्ठा ठेवावी लागते, स्वतःची सुधारणा संहितेत घुसडण्याचा मोह जसा आवरावा लागतो, तसाच काहीसा संयम येथे आहे. लेखक सूत्रे बदलीत नाही. तो ती ऐकतो आणि उतरून घेतो.

या संयमाचे एक उदाहरण नावांचे आहे. चिमणराव, त्याची पत्नी काऊ, आणि मुले मोरू, मैना व राघू : एका कारकुनाच्या बिऱ्हाडात पाच पक्षी नांदत आहेत. गडकऱ्यांच्या हाती ही नावे पडली असती, तर त्यांतून पिंजरा, घरटे, पंख आणि चोच यांवर किती कोट्या निघाल्या असत्या याची कल्पना करता येते. जोशी यांच्या हाती मात्र ही फक्त नावे राहतात. चिमण, काऊ, मोरू ही मराठी घरातील खरोखरीची लाडकी नावे होत; आपण मुलांना पक्ष्यांच्या नावांनी हाक मारतो आणि पक्षी विसरतो. ही रूढिलक्षणाच आहे. जोशी यांनी पाच नावे एका छपराखाली आणली, आणि मुख्यार्थ जागा करण्याचे काम वाचकावर सोपविले.

दुसरी गोष्ट निवेदनाची. चिमणराव स्वतःची हकीकत स्वतःच सांगतो, आणि गांभीर्याने सांगतो. तो भित्रा आहे, सौजन्यशील आहे. व्यवहारसूत्रांवर त्याचा पूर्ण विश्वास आहे, आणि त्यांच्या आधारावाचून तो एक पाऊलही टाकू शकत नाही. त्याच्याशेजारी गुंड्याभाऊ उभा आहे, ज्याचा विश्वास दंडुक्यावर आणि सरळ बोलण्यावर. या जोडीस 'परस्परविरोधी स्वभाव' असे नाव देऊन समीक्षा थांबते. परंतु हा विरोध स्वभावांचा आहे त्याहून अधिक भाषावृत्तींचा आहे : एकास सूत्राखेरीज बोलता येत नाही, दुसऱ्यास सूत्र पाळता येत नाही. सूत्र पाळणारा नेहमी अडकतो, न पाळणारा नेहमी अडकवतो. सूत्रांवाचून जगणे शक्य नाही आणि त्यांच्यासह जगणे सुखाचे नाही, हे मध्यमवर्गीय जीवनाचे सत्य या दोघांत वाटून दिलेले आहे.

५

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या लेखनाकडे वळताना एक भेद करणे आवश्यक आहे. सूत्र सर्वांचे असते. लकब एकाची असते. "सहज आलो होतो" हे सूत्र आहे. एखादा मनुष्य प्रत्येक वाक्यात एकच शब्द घोळवीत असेल, किंवा एखाद्या समाजाच्या उच्चाराची विशिष्ट ढब त्याच्या बोलण्यात असेल, तर ती लकब. सूत्र ऐकून हसणारा स्वतःस हसतो, कारण काल त्याने तेच म्हटलेले असते. लकब ऐकून हसणारा दुसऱ्यास हसतो. भरताने हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे भेद केले, ते स्वतः हसणे व दुसऱ्यास हसविणे या अर्थाने; परंतु ते शब्द उसने घेऊन असे म्हणता येईल की, सूत्राचे हास्य आत्मस्थ आणि लकबीचे परस्थ असते.

'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकात दोन्ही आहेत. त्यातील 'उपास' या लेखाचा प्रसंग म्हणावा तर एका वाक्याचा : निवेदक वजन कमी करावयाचे ठरवितो आणि ते कमी होत नाही. लेख चालतो तो सल्ल्यांवर. न मागता दिलेला सल्ला हे मराठी शेजाराचे एक प्रमुख व्यवहारसूत्र आहे; त्याचा व्यवहारार्थ 'आम्हांस तुमची काळजी आहे' हा, आणि शब्दार्थ अमुक खाऊ नका हा. प्रत्येक शेजारी वेगळा पदार्थ सोडावयास सांगतो. सर्वांचे सल्ले एकत्र केले की खाण्यासारखे काही उरत नाही. शब्दार्थांची बेरीज अशक्य व्हावी आणि व्यवहारार्थांची बेरीज प्रेमळ व्हावी, यात त्या लेखाचे सौंदर्य आहे. हा उत्तम सूत्रनिष्ठ विनोद होय. परंतु त्याच पुस्तकात निरनिराळ्या भाडेकरूंच्या बोलण्याची ढब हाच जेथे हास्याचा आधार होतो, तेथे विनोद लकबीकडे झुकतो. १९६१ पासून 'चाळ' एकपात्री प्रयोगाच्या रूपाने रंगभूमीवर आली, आणि रंगभूमीस लकब अधिक मानवते. एकाच नटाने अनेक माणसे उभी करावयाची, तर प्रत्येकाचा आवाज वेगळा काढावाच लागतो. प्रयोगाची ही गरज पुस्तकाच्या वाचनावरही मागाहून लादली गेली आहे. आज पुष्कळ वाचक 'चाळ' डोळ्यांनी वाचीत नाहीत, आठवणीतील आवाजाने ऐकतात.

'असा मी असामी' (१९६४) या दृष्टीने अधिक समतोल ठरते. तेथे धोंडो भिकाजी जोशी हा कारकून पुन्हा स्वतःच बोलतो; चिमणरावाची निवेदनरीती तेथे परत आली आहे. बदलत्या काळाने त्याच्या घरात नवी वस्त्रे, नवे फर्निचर आणि नवी सूत्रे आणली, आणि तो जुन्या सूत्रांनिशी त्यांना सामोरा जातो. हास्याचा विषय तोच आणि निवेदकही तोच असल्यामुळे परस्थ हास्यास वाव कमी राहतो.

ग्रामीण विनोदाच्या मूल्यमापनात तर हा भेद फारच उपयोगी पडावा. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने १९६० नंतरच्या दशकांत खेड्यातील बोलणे शहरी श्रोत्यांपुढे नेले. सभागृहातील हशा दोन प्रकारचा असू शकतो. गावकरी मूळ मुद्यावर येण्यापूर्वी जी वळणे घेतो, त्या वळणांत शहरी श्रोत्यास स्वतःचे 'सहज आलो होतो' ओळखू आले, तर तो हशा सूत्राचा. केवळ क्रियापदाचे रूप प्रमाणभाषेहून निराळे म्हणून जो हशा येतो, तो लकबीचा. आणि ज्यास तो श्रोता लकब समजतो, ती बोलणाऱ्याची मातृभाषा असते. बोलीस हसणे आणि बोलीत हसणे यांतील हे अंतर आहे. लेखक दोन्ही हशांस सारखाच जबाबदार नसतो. परंतु समीक्षकाने ते वेगळे मोजले पाहिजेत. कथनाची भाषा प्रमाण आणि पात्रांची भाषा बोली, अशी वाटणी जेथे असते, तेथे हा धोका अधिक. कारण तेथे निवेदक स्वतः त्या सूत्रांच्या बाहेर उभा असतो.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विनोद सूत्रांवर उभा असेल, तर सूत्रे बदलताच तो मावळेल. हे अंशतः खरे आहे. पत्नीने पतीचे नाव न घेण्याच्या रिवाजावर अवलंबून असलेले संवाद आजच्या विद्यार्थ्यास टीपेवाचून समजत नाहीत. 'अहो' हे संबोधन ज्या घरात उरलेले नाही, तेथे त्याच्या छटा कशा कळाव्यात? तथापि सूत्रे गेली तरी सूत्रे घडविण्याची प्रवृत्ती जात नाही. भ्रमणध्वनीवर बोलणारा मनुष्य आजही "बरं, ठेवतो" असे म्हणतो. जुन्या यंत्राचा ध्वनिग्राहक खरोखरीच उचलला व ठेवला जात असे. आता ठेवण्यासारखे काही नाही, आणि बहुधा ते यंत्र बोलणे संपल्यावरही हातातच राहते. "ठेवतो" म्हटल्यावर संभाषण संपत नाही, हा उंबरठ्यावरील नियमही तसाच टिकला आहे. घराबाहेर न पडलेला मनुष्य "निघालोच" म्हणतो, आणि ऐकणाऱ्यास त्या 'च'ची किंमत ठाऊक असते. हा नवा कच्चा माल नव्हे, तयार माल आहे; तो ऐकणारा लेखक तेवढा हवा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सूत्रे निष्पाप नसतात. कोण कोणास 'तू' म्हणतो, कोण 'अहो' म्हणतो आणि कोणास 'अगं' ऐकावे लागते, यांत घरातील व समाजातील उच्चनीचता गोठलेली असते. सूत्रनिष्ठ विनोद त्या सूत्रांस गोंजारून ती अधिक घट्ट करीत नाही काय? काही वेळा करतो, हे मान्य केले पाहिजे. चिमणरावाचे घर आपणांस चिमणरावाच्या तोंडून कळते. काऊच्या तोंडून तेच घर कळले असते, तर त्याच सूत्रांचे दुसरे टोक दिसले असते. पुढे मंगला गोडबोले यांच्यासारख्या लेखिकांच्या विनोदी लेखनाने मध्यमवर्गीय संसारातील ओळखीच्या बोलण्याकडे स्त्रीच्या बाजूने पाहिले, तेव्हा हे टोक दिसू लागले. वाक्य तेच राहते, ऐकणारा बदलतो, आणि शब्दार्थ व व्यवहारार्थ यांतील अंतर एकदम वेगळ्या जागी पडते. यावरून असे दिसते की, सूत्रनिष्ठ विनोदाची योग्यता सूत्र किती नेमके टिपले एवढ्यावरच ठरत नाही. ते कोणाच्या कानाने ऐकले, यावरही ठरते.

म्हणून अशा लेखनाचे परीक्षण करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. हसू आले ते सूत्र बदलले असता टिकते काय? जे हास्यास्पद आहे ते सूत्र आहे की लकब? आणि निवेदक त्या सूत्राच्या आत उभा आहे की बाहेर? पहिल्या प्रश्नाने प्रकार ठरतो, दुसऱ्याने हास्याची दिशा कळते, तिसऱ्याने लेखकाची जबाबदारी. प्रसंग आणि स्वभाव यांचा विचार त्यानंतर करण्यास हरकत नाही. तो निरुपयोगी नाही, फक्त आधी करावयाचा नाही.

या अभ्यासास लागणारी सामग्री आपल्या कोशांत मिळत नाही, ही मोठी अडचण आहे. कोशात 'येणे' या क्रियापदाचे अर्थ सापडतात. पण 'येतो' म्हटल्यावर उंबरठ्यावर काय होते हे कोश सांगत नाही. कोकण, देश, खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा आणि गोवा येथील, तसेच निरनिराळ्या समाजांतील व व्यवसायांतील आगमनाची, निरोपाची, आग्रहाची, नकाराची आणि मागणीची सूत्रे संदर्भासह टिपून ठेवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. ते करताना सूत्र कोणी कोणास उद्देशून म्हटले, आणि त्यापुढे काय घडले, या दोन नोंदी अवश्य कराव्यात. त्यांवाचून नुसते वाक्य निर्जीव आहे. एका पिढीत ही सूत्रे बदलतात. ती नोंदली गेली नाहीत, तर चिमणरावाची भाषा 'साधी' होती, एवढेच विधान आपल्याजवळ उरेल, आणि ते साधेपण कशाचे बनले होते, हे सांगण्यास पुरावा राहणार नाही.